एक किडनी पुरते, पण...

"देवाने किडन्या दोन दिल्यात त्या काय उगीच? एक गेली तर दुसरी आहेच की!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजणं सोडून दिलंय. मंडळाच्या गणपतीत ऐकलंय, भारतातून आलेल्या फोनवर ऐकलंय, आणि एकदा तर विमानात शेजारी बसलेल्या काकांकडूनही! गंमत म्हणजे वाक्य खोटं नाही. किडनी दान केलेली माणसं वर्षानुवर्षं ठणठणीत जगतात. पण खऱ्या वाक्याचा आधार घेऊन चुकीचा निर्णय घेता येतोच की नाही? किडनीत छोटी गाठ सापडलेल्या माणसांच्या बाबतीत ते सर्रास होतं असं माझं मत आहे, आणि आज त्यावरच लिहिणार आहे.

आधीच सांगून टाकते. मी डॉक्टर आहे ती नावाआधी लावायची, नाडी बघायची नव्हे. पीएचडी इमेज प्रोसेसिंगमधली, तीही इथे अमेरिकेत केलेली. पोटापाण्यासाठी सीटी स्कॅनमधून अवयवांच्या कडा शोधणारे प्रोग्रॅम लिहिते. त्यातला बराचसा वेळ किडनी आणि तिच्यातल्या गाठी यांच्यात जातो. त्यामुळे सर्जन लोकांशी बोलणं होतं, त्यांचे पेपर वाचावे लागतात. तेव्हा हे एका इंजिनियरचं मत आहे असं समजूनच वाचा. निर्णय तुमचा आणि तुमच्या सर्जनचा.

पूर्वी किडनीचा कॅन्सर कळायचा तो लघवीतून रक्त गेल्यावर, कुशीत दुखायला लागल्यावर किंवा हाताला गोळा लागल्यावर. म्हणजे उशिराच. आता बहुतेक गाठी भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात. पित्ताशयातले खडे बघायला सोनोग्राफी केली आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत किडनीतली तीन सेंटीमीटरची गाठ निघाली, असं. चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींना टी-वन-ए म्हणतात. अशा गाठी काढून तपासल्या तर साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच! हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचा, कारण पूर्ण किडनी काढल्यावर जेव्हा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट 'साधी गाठ' असा येतो, तेव्हा घरातले पेढे वाटतात. गेलेल्या किडनीबद्दल कोणी काही बोलत नाही.

आता थोडा इतिहास (मला आवडतो म्हणून, कंटाळा आला तर पुढे जा). 'एका किडनीवर माणूस जगतो' हे मुळात कोणालाच माहीत नव्हतं. २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गुस्टाव सिमॉन या सर्जनने मार्गारेथा कोल्ब नावाच्या बाईची एक किडनी ठरवून काढली. तिच्या मूत्रवाहिनीला आधीच्या ऑपरेशनमध्ये इजा होऊन लघवी सतत झिरपत होती. किडनी काढल्यावर माणूस मरणार नाही याची खात्री करायला सिमॉनने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. बाई वाचली! म्हणजे आपण आज इतक्या सहज उच्चारतो ते वाक्य एकेकाळी केवढं मोठं धाडस होतं बघा. आणि त्याच हायडेलबर्गमध्ये १८८७ साली सिमॉनच्या जागी आलेल्या विन्सेंझ चेर्नीने किडनीतली फक्त गाठ कापून उरलेली किडनी जागेवर ठेवली. दोन्हींत अठराच वर्षांचं अंतर आहे. 'किडनी वाचवणं' ही नवीन फॅशन नाही, ती 'किडनी काढणं' याची जवळजवळ जुळी बहीण आहे.

पण धाकटीचं नशीब काही उघडलं नाही. रक्तस्राव आवरेना, लघवी गळे. त्यात १९६० च्या दशकात टोरांटोच्या रॉबसनने मांडलं की कॅन्सर असेल तर किडनी, तिच्याभोवतीची चरबी आणि आवरण, वरची ॲड्रिनल ग्रंथी, आसपासच्या लसिका गाठी, सगळं एकत्र काढा. याला रॅडिकल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. त्या काळातल्या मोठ्या, उशिरा सापडलेल्या गाठींसाठी ते बरोबरच होतं. गाठ तेवढी काढायची, म्हणजे पार्शल नेफ्रेक्टॉमी, ती फक्त नाइलाज असेल तेव्हा. एकच किडनी असेल किंवा दोन्हीकडे गाठी असतील तर. मग १९८० आणि ९० च्या दशकांत क्लीव्हलँड क्लिनिकचे अँड्र्यू नोविक आणि इतर काही जणांनी दाखवलं की दुसरी किडनी चांगली असली तरी छोट्या गाठींमध्ये पार्शल केल्याने कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरी गोष्ट इथेच सुरू होते.

जून १९९० मध्ये सेंट लुईसला राल्फ क्लेमन यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून किडनी काढली. पोटाला तीन-चार छिद्रं, दुखणं कमी, पेशंट लवकर घरी. पुढच्या दहा-बारा वर्षांत हे तंत्र सगळीकडे पसरलं. आणि यात एक मेख होती. दुर्बिणीतून पूर्ण किडनी काढणं तुलनेने सोपं आहे. धमनी बंद करा, शीर बंद करा, मूत्रवाहिनी कापा, किडनी पिशवीत घाला, बाहेर काढा. (सर्जन मित्र रागावतील, पण ढोबळमानाने हेच!) दुर्बिणीतून फक्त गाठ काढणं मात्र भयंकर कठीण.

का कठीण? हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो, म्हणजे मिनिटाला एक लिटरच्या आसपास. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा एकेक अवयव! तो असाच चिरला तर काही दिसणारच नाही. म्हणून आधी धमनीला चिमटा लावतात. आणि चिमटा लागला की घड्याळ सुरू. किडनीला रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही. ढोबळ नियम असा की पंचवीसेक मिनिटांच्या आत काम उरकावं. तेवढ्या वेळात गाठ निरोगी पेशींची पातळ कड ठेवून कापायची, मधल्या लघवीच्या पोकळीला भोक पडलं असेल तर ते शिवायचं, उघड्या रक्तवाहिन्या शिवायच्या, मग किडनीच्या दोन्ही कडा जवळ आणून वरून टाके घालायचे, आणि चिमटा काढून श्वास रोखून बघत बसायचं. हे सगळं लांबलचक काड्यांनी, पडद्यावर बघत! पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये किडनीभोवती बर्फाचा चुरा टाकून वेळ वाढवता येतो. दुर्बिणीत ते जमवणं अवघड. (नंतरच्या अभ्यासांतून असंही दिसलं की मिनिटांपेक्षा मुळात किडनी कशी होती आणि किती भाग शिल्लक राहिला याला जास्त महत्त्व आहे. पण घड्याळाची भीती सर्जनच्या हाडात मुरलेली आहे, आणि असलेली बरी.)

मग काय झालं? ज्याला दुर्बिणीतून पार्शल जमत नव्हतं, त्या सर्जनसमोर दोन रस्ते होते. कुशीत मोठा छेद घेऊन किडनी वाचवायची, किंवा छोट्या छिद्रांतून ती अख्खी काढून टाकायची. आणि पेशंटला काय आवडणार? छोटी छिद्रं! अमेरिकेत मेडिकेअरच्या वृद्ध पेशंटांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. १९९२ ते २००७ या काळात सुरुवातीच्या अवस्थेतल्या छोट्या गाठींसाठी ऑपरेशन झालेले ७१३८ लोक. त्यातल्या फक्त १९२५ जणांची किडनी वाचवली गेली, म्हणजे २७ टक्के. बाकीच्यांची गेली. हे नोविक वगैरेंचे निकाल लोकांसमोर असताना!

इंजिनियर म्हणून मला यातलं हेच सगळ्यात जास्त खटकतं. आम्ही ज्याला मेट्रिक म्हणतो ते काय निवडायचं यावर सगळं अवलंबून असतं. व्रणाची लांबी मोजता येते, हॉस्पिटलमधले दिवस मोजता येतात, बिल तर मोजावंच लागतं. दहा वर्षांनी किडनी किती गाळत असेल ते मोजायला दहा वर्षं थांबावं लागतं आणि तोवर पेशंट दुसऱ्या गावाला, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो. दिसणारं मेट्रिक न दिसणाऱ्याला हरवतं. नवं यंत्र आलं म्हणून ऑपरेशन बदललं, आणि बदललं ते चुकीच्या दिशेने.

न दिसणारं ते काय, हे २००६ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या लोकांनी मोजून दाखवलं. ६६२ पेशंट, सगळ्यांना दोन किडन्या, चार सेंटीमीटरपर्यंतची गाठ आणि 'क्रिएटिनिन नॉर्मल'. आता क्रिएटिनिन नॉर्मल म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. पण वय वगैरे धरून जीएफआर काढला, म्हणजे किडन्या मिनिटाला किती मिलीलीटर गाळतात त्याचा अंदाज घेतला, तेव्हा त्यातल्या २६ टक्के लोकांचा आकडा ऑपरेशनच्या आधीच ६० च्या खाली होता! आणि ज्यांचा वर होता, त्यांच्यापैकी पार्शलनंतर तीन वर्षांनी ६० च्या वर टिकून राहण्याची शक्यता ८० टक्के, तर रॅडिकलनंतर फक्त ३५ टक्के.

इथेच 'किडनी दान करणारे जगतात ना?' या मुद्द्याचं उत्तर आहे. दाता हा कसून तपासून, गाळून घेतलेला माणूस असतो. मधुमेह असलेला, ब्लडप्रेशर हाताबाहेर गेलेला, जीएफआर कमी असलेला माणूस दाता म्हणून सहसा घेतच नाहीत. गाठ झालेल्या माणसाला असं कोणी गाळून घेत नाही. बहुतेक जण साठीच्या आसपासचे, ब्लडप्रेशरवाले, बरेचसे सिगरेट ओढलेले किंवा वजनदार. (ही किडनीच्या कॅन्सरचीच जोखमीची कारणं आहेत.) दोघांची तुलना कशी करणार?

आता माझ्या मताच्या विरोधातला पुरावा. तो न सांगता पुढे गेले तर ती वकिली झाली. या विषयावर एकच मोठी रँडमाइज्ड चाचणी झाली आहे, युरोपातल्या ईओआरटीसी या संस्थेची. १९९२ ते २००३ मध्ये ५४१ पेशंट, गाठ पाच सेंटीमीटरपर्यंत, दुसरी किडनी चांगली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचं पार्शल, निम्म्यांचं रॅडिकल. २०११ साली निकाल आला आणि सगळ्यांची पंचाईत झाली. दहा वर्षांनी हयात असलेले रॅडिकलवाले ८१.१ टक्के आणि पार्शलवाले ७५.७ टक्के! म्हणजे उलटंच. चाचणीत पेशंट पुरेसे मिळाले नाहीत म्हणून ती लवकर बंद करावी लागली होती, आणि एकूण ११७ मृत्यूंपैकी किडनीच्या कॅन्सरने झालेले फक्त १२ होते. त्यामुळे या फरकाचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद चालतात. पण 'पार्शल केलं की माणूस जास्त जगतो' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा कागद खिशात ठेवावा. मेडिकेअरच्या ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिलं त्यात पार्शलवाले जास्त जगलेले दिसले, पण तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. जो पेशंट मुळात धडधाकट त्याला अवघड ऑपरेशन, असं सर्जनच निवडतात.

त्याच युरोपीय चाचणीतल्या किडनीच्या कामाचे आकडे २०१४ साली आले. जीएफआर ६० च्या खाली गेलेले रॅडिकलनंतर ८५.७ टक्के, पार्शलनंतर ६४.७ टक्के. पण १५ च्या खाली, म्हणजे डायलिसिसच्या दारात पोचलेले, दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास. सारखेच. म्हणजे ऑपरेशनमुळे कमी झालेला जीएफआर बऱ्याचदा तिथेच स्थिरावतो, रोगामुळे कमी होणाऱ्यासारखा घसरत जात नाही.

मग एवढा आटापिटा कशाला? हा प्रश्न रास्त आहे. पन्नाशीचा, साखर नाही, ब्लडप्रेशर नाही, असा माणूस असेल तर एक किडनी त्याला बहुधा जन्मभर पुरेल, हे मी मान्य करते. पण किडनीत गाठ झालेले आपले लोक असे असतात का हो? २०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. भारतात मधुमेही १० कोटींच्या वर. मधुमेह हा स्वतःच किडनी हळूहळू खाणारा रोग आहे. त्या माणसाची एक किडनी काढली तर उरलेल्या किडनीवर दुप्पट ओझं, आणि तिला वाळवी आधीच लागलेली. त्याच्यासाठी जीएफआर हा नुसता आकडा नसतो. तो ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद. पुढे हृदयाची अँजिओग्राफी करायची तर रंगद्रव्य देताना डॉक्टर दहादा विचार करणार. आणि सहा वर्षांनी उरलेल्या किडनीतही गाठ निघाली तर? क्वचित होतं, पण होतं. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ नावाच्या आनुवंशिक रोगात तर दोन्हीकडे पुन्हा पुन्हा गाठी येतात, आणि म्हणून बेथेस्डाच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने अशा पेशंटांसाठी गाठ तीन सेंटीमीटरची होईपर्यंत थांबायचं आणि मग फक्त गाठ काढायची, असा शिरस्ता घालून दिला.

माझ्या मामांचं उदाहरण सांगते. वय ६१, मधुमेह पंधरा वर्षांचा, डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३.२ सेंटीमीटरची गाठ, निम्म्याहून जास्त बाहेर आलेली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका हॉस्पिटलात सांगितलं, दुर्बिणीतून किडनी काढू, तिसऱ्या दिवशी घरी. मामेभावाचा फोन आला, "ताई, रिपोर्ट व्हॉट्सॲप केलेत, बघ जरा. डॉक्टर म्हणाले काही टेन्शन नाही, तीन छिद्रं फक्त." त्याचा आवाज एकदम हलका झालेला. मी त्याला एवढंच म्हटलं की त्यांना विचार, फक्त गाठ काढता येईल का, आणि येत नसेल तर ती गाठीमुळे येत नाही की तुमच्याकडे ती सोय नाही म्हणून? त्याला हे विचारायला संकोच वाटत होता. आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारणं म्हणजे उद्धटपणा! शेवटी मामींनीच विचारलं. उत्तर प्रामाणिक मिळालं: गाठ सोपी आहे, पण आमच्याकडे दुर्बिणीतून पार्शल होत नाही आणि उघडून करायचं तर मोठा छेद लागेल, म्हणून सुचवलं नाही.

म्हणून सुचवलं नाही! म्हणजे जो पर्याय होता तो पेशंटला कळलाच नसता.

मामांनी दुसऱ्या शहरात जाऊन उघडं ऑपरेशन करून घेतलं. सुख नव्हतं हो त्यात. कुशीत वीतभर छेद, बरगडीखाली महिनाभर दुखणं, आणि लघवी झिरपत राहिली म्हणून तीन आठवडे नळी. मामी मला फोनवर म्हणाल्या, "तीन दिवसांत घरी आले असते गं." मी काय बोलणार? पार्शलमध्ये असे त्रास जास्त होतात हे खरंच आहे, रक्तस्राव आणि लघवी गळणं दोन्ही. त्यांचा जीएफआर ऑपरेशनआधी ६४ होता, आता ५७ आहे. पूर्ण किडनी काढली असती तर? दात्यांमध्ये साधारण एक तृतीयांश कमी होतो. हिशोब तुम्हीच करा.

आता रोबोटबद्दल, कारण हल्ली प्रत्येक जण तेच विचारतो. रोबोट स्वतः काही कापत नाही. तो सर्जनच्या हाताला दुर्बिणीतून मनगट देतो. आणि पार्शलमध्ये नेमकं मनगटच लागतं, त्या घड्याळाच्या आत टाके घालायला. त्यामुळे इथे अमेरिकेत रोबोट पसरल्यावर किडनी वाचवण्याचं प्रमाण वाढलं, हे यंत्राने केलेलं चांगलं काम. पण 'रोबोट नाही म्हणून किडनी काढू' हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. उघडं पार्शल हे जुनं, सिद्ध झालेलं ऑपरेशन आहे. त्याला लागतो तो छेद घ्यायची तयारी असलेला पेशंट आणि सरावाचा हात असलेला सर्जन. मुंबई-पुण्यात असे सर्जन आहेत.

आणि हो, प्रत्येक किडनी वाचवायचीच असा माझा हट्ट नाही. गाठ मोठी, अगदी मधोमध, मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटलेली, किंवा शिरेत शिरलेली असेल तर रॅडिकलच. चार ते सात सेंटीमीटरमध्ये मतभेद आहेत. उलट ऐंशीच्या आजोबांना दोन सेंटीमीटरची गाठ असेल तर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. ते आजोबांच्या मुलांना मुळीच आवडत नाही, तो भाग वेगळा.

गाठ किती अवघड आहे हे मोजायची पद्धतही आहे. २००९ साली फिलाडेल्फियाच्या कुटिकोव्ह आणि उझो यांनी रेनल स्कोर काढला. गाठीचा आकार, ती किती बाहेर डोकावते, मधल्या पोकळीपासून किती दूर, आणि वर-खाली कुठे, अशा चार गोष्टींना एक ते तीन गुण. (समोर की मागे हेही लिहितात, पण त्याला गुण नाहीत.) ४ ते ६ सोपी, १० ते १२ अवघड. मामांचा होता ५. हे मोजमाप आम्ही प्रोग्रॅमकडून करून घ्यायचा प्रयत्न करतो. २०१९ साली मिनेसोटा विद्यापीठाने ३०० पेशंटांचे सीटी घेऊन याची एक स्पर्धा भरवली होती. जिंकलं कोण? हायडेलबर्गचे लोक! (सिमॉन आणि चेर्नीच्या गावचे.) त्यांच्या प्रोग्रॅमने किडनीची कड ०.९७ इतकी अचूक शोधली, गाठीची ०.८५. एक म्हणजे तंतोतंत. तेव्हा प्रोग्रॅमवर विसंबू नका, सर्जनलाच विचारा की स्कोर किती आणि असे पार्शल तुम्ही वर्षाला किती करता.

शेवटी एक विनंती. दुसरं मत घ्यायला जाताना सीटीच्या फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो घेऊन जाऊ नका (आणि मलाही पाठवू नका, मामेभावाने पाठवला होता, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब गाठीपेक्षा स्पष्ट होतं). स्कॅन सेंटरमधून सीडी मागून घ्या, डायकॉम फाईल्सची. ती तुमची आहे. आणि त्याच दिवशी क्रिएटिनिनबरोबर जीएफआरचा आकडा कागदावर लिहून घ्या.